बारा माणसांच्या सेवा-व्यवसायाला भाड्याचं ऑफिस हवंच का?

हिशेबनीस (धागाकर्ता)

सॉफ्टवेअर, हिशेबलेखन, डिझाइन, भाषांतर अशी कामं करणाऱ्या दहा-पंधरा माणसांच्या फर्मने पुण्यात स्वतंत्र ऑफिस भाड्याने घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. नोंदणी, टपाल आणि तासावारी बैठकीची खोली यांसाठी व्हर्च्युअल ऑफिस (रोज बसायला नाही, फक्त पत्ता आणि लागेल तेव्हा खोली देणारी सेवा) घ्यावं, माणसांनी घरून काम करावं, आणि वाचलेल्या पैशातला मोठा वाटा त्यांच्या घरच्या सोयीवर खर्च करावा. हा शेवटचा भाग गाळला तर बाकीचं सगळं कोसळतं.

धरून चालू की माणसं बारा आहेत. बाणेर-बालेवाडी बाजूला ८०० चौरस फूट, दर चौरस फुटाला ७० रुपये, म्हणजे महिन्याला ५६,००० भाडं. वीज, सफाई, देखभाल, इंटरनेट मिळून १८,०००. वर्षाचे ८,८८,००० झाले. सहा महिन्यांचं डिपॉझिट, म्हणजे ३,३६,००० रुपये, अडकून पडले ते वेगळेच.

दुसरीकडे व्हर्च्युअल ऑफिसचा पत्ता वर्षाला १८,०००. प्रत्येकाला वीज-इंटरनेटसाठी महिना १,५००, त्याचे वर्षाला २,१६,०००. महिन्यातून दोनदा चार-चार तास बैठकीची खोली, तासाला ६०० धरली तर ५७,६००. खुर्ची, राउटरचा बॅकअप, हेडसेट यांसाठी माणशी एकदाच १२,०००, म्हणजे १,४४,०००. पहिल्या वर्षाची बेरीज ४,३५,६००. साडेचार लाख पहिल्याच वर्षी वाचतात, आणि पुढच्या वर्षी खुर्च्यांचा खर्च नसल्याने आणखी जास्त.

शिवाय भरतीचं क्षेत्र वाढतं. साताऱ्याचा, लातूरचा, बेळगावचा चांगला माणूस पुण्यात खोली न घेता काम करू शकतो.

गाळा नंबर सात

हिशेबात माल कुठेच नाही. ज्याच्याकडे नमुने, सुटे भाग, दुरुस्तीला आलेली यंत्रं किंवा ग्राहकाचे मूळ कागद येतात त्याला हे लागू नाही, हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं.

सेवा-व्यवसायातही माझा विरोध आहे, आणि तो नव्या माणसांमुळे. कॉलेजातून आलेला मुलगा पहिल्या सहा महिन्यांत जे शिकतो ते शेजारच्या टेबलावरून. ज्येष्ठ माणूस ग्राहकाशी फोनवर कसा बोलतो, चूक कशी शोधतो, कुठलं काम आधी हातात घेतो, हे व्हिडिओ कॉलवर दिसत नाही. घरी बसलेला नवखा दहा मिनिटांच्या शंकेवर अर्धा दिवस घालवतो, कारण प्रत्येक वेळी मेसेज टाकून विचारायला त्याला संकोच वाटतो. ती किंमत भाड्याच्या पावतीवर दिसत नाही, पण मोजावीच लागते.

करसल्लागार, कोथरूड

पैशांचा हिशेब बरोबर असेल, पण "वर्षाला १८,००० चा पत्ता" हे दोन शब्दांत संपणारं काम नाही. नोंदणी इथेच अडते.

जीएसटीसाठी व्यवसायाचं मुख्य ठिकाण दाखवताना भाडेकरार आणि जागामालकाच्या मालकीचा पुरावा लागतो: वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती. व्हर्च्युअल ऑफिसमध्ये साखळी लांब असते. वीजबिल मूळ मालकाच्या नावावर, त्याचा करार व्हर्च्युअल ऑफिस चालवणाऱ्या कंपनीशी, आणि तुमचा करार त्या कंपनीशी. मधला करार आणि पोटभाड्याने देण्याची परवानगी जोडली नाही की शंका-नोटीस आरईजी-०३ येते. उत्तराला कामकाजाचे ७ दिवस मिळतात. पत्त्यातला विंग, मजला, सीट क्रमांक तिन्ही कागदांवर अक्षरशः सारखा हवा.

महाराष्ट्रात एक गोष्ट जास्तीची. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. स्वस्त पॅकेजमध्ये पुष्कळदा नुसता नोटरी केलेला "सेवा करार" हातात ठेवतात. पैसे भरण्यापूर्वी कराराचा मसुदा मागवा. नोंदणीला नकार देत असतील तर तो पत्ता घेऊ नका.

नंतर प्रत्यक्ष पडताळणी. अधिकारी जागेवर येतो, फोटो काढतो, आरईजी-३० मध्ये अहवाल चढवतो. तेव्हा जीएसटी क्रमांकासह नावाची पाटी आणि दर्शनी भागात प्रमाणपत्र हवं, जीएसटीचा नियम १८ तसं सांगतो. सर्वात जास्त प्रकरणं बिघडतात ती स्वागतकक्षावरच्या एका वाक्याने: "हे इथे बसत नाहीत." तिथल्या माणसाला तुमच्या फर्मचं नाव, कामाचं स्वरूप आणि बोलवायच्या व्यक्तीचा फोन माहीत असलाच पाहिजे.

जाहीर केलेल्या ठिकाणाहून व्यवसाय होत नाही, असं अधिकाऱ्याला वाटलं तर नोंदणी रद्द करण्याची नोटीस आरईजी-१७ येते. तिलाही ७ दिवसच. नोंदणी निलंबित झाली की बिलं थांबतात, आणि मागील तारखेपासून रद्द झाली तर तुमच्या ग्राहकाचं इनपुट क्रेडिटही (तुमच्या बिलावर भरलेल्या जीएसटीची त्याला मिळणारी वजावट) वादात सापडतं. मग त्याने तुम्हाला पुन्हा काम का द्यावं?

कंपनी असेल तर कंपनी कायद्याचं कलम १२ पाहा. नोंदणीकृत कार्यालयात पत्रव्यवहार स्वीकारला गेला पाहिजे, बाहेर नावाची पाटी पाहिजे, तीही स्थानिक भाषेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर रजिस्ट्रार (कंपन्यांची नोंदणी ठेवणारा सरकारी अधिकारी) स्वतः जागा तपासू शकतो. माणूस सापडला नाही तर कंपनीचं नाव यादीतून काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते.

हिशेबनीस

सगळं मान्य, पण हे स्वस्तातला पत्ता घेण्याविरुद्ध आहे, व्हर्च्युअल ऑफिसविरुद्ध नाही. आणि पत्त्यासाठी स्वतःचं घर का नाही? वीजबिल आणि घर ज्याच्या नावावर आहे त्याचं संमतीपत्र दिलं की जीएसटी नोंदणी मिळते. महावितरणच्या दरपत्रकात घराच्या काही भागातून व्यवसाय करणाऱ्यालाही महिना ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत घरगुती दरच लागतो.

करसल्लागार, कोथरूड

भागीदार किंवा संचालकाचं स्वतःचं घर असेल तर मी तेच सुचवीन. भाड्याचं घर असेल तर मालक सहसा व्यवसायासाठी संमती देत नाही. सोसायटीशीही आधी बोलून घ्यावं.

दुसऱ्या राज्यात फक्त पत्ता घेणाऱ्यांसाठी: जागेच्या भाड्यावरचा जीएसटी जागा ज्या राज्यात आहे त्या राज्याचा असतो. बंगळूरच्या पत्त्याचं बिल महाराष्ट्राच्या क्रमांकावर घेतलंत तर त्याचं क्रेडिट मिळणार नाही.

तारजोडणी

भाड्याच्या वादात तांत्रिक बाजू राहून गेली. ऑफिस बंद केलं की कोपऱ्यातला टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि फायलींचा संगणक कुठे ठेवायचा? बहुतेक ठिकाणी तो मालकाच्या घरी जातो आणि राउटरवर ३३८९ हा पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) सरळ उघडा ठेवतात, म्हणजे बाकीच्यांना रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून तोच संगणक, वापरता येईल. इंटरनेटवर असे उघडे पोर्ट अखंड शोधले जात असतात. पासवर्ड साधा असला की खंडणीखोर व्हायरस आत शिरतो आणि त्याच संगणकाला जोडलेली बॅकअप डिस्कही कुलूपबंद करतो. पोर्ट उघडू नका, व्हीपीएनमधूनच (इंटरनेटवरून जाणाऱ्या कुलूपबंद खासगी वाटेनेच) आत या, दुहेरी पडताळणी लावा. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक इमारतीबाहेर.

आणखी एक अडचण म्हणजे घरगुती ब्रॉडबँडवर बहुधा एकच सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अनेकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून व्हीपीएन लागतच नाही. जिथे सर्व्हर आहे तिथे स्थिर आयपी विकत घ्या किंवा टॅली क्लाउडवर न्या. व्हर्च्युअल ऑफिसवाल्यांनी क्लाउडच घ्यावं, कारण पत्त्याच्या जागी सर्व्हर ठेवायला कपाट नसतं.

लॅपटॉप कंपनीचेच द्या आणि विंडोजची प्रो आवृत्ती घ्या. होम आवृत्तीत पूर्ण बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करण्याची सोय, नाही. ती नसली तर चोरीला गेलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राहकांचे पॅन आणि बँक तपशील उघडे असतात. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. लहान फर्मलाही त्यातून सूट नाही.

वीज गेली की लॅपटॉप चालतो, इंटरनेट मरतं. राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५ ते १८ वॅट घेतात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली तरी ४२ वॅट-तास देते, म्हणजे सव्वादोन ते पावणेतीन तास. दोन्ही डब्यांचा व्होल्टेज आधी तपासा. फायबरचा डबा बॅकअपवर घ्यायचा राहतो, आणि राउटर चालू असूनही नेट बंद.

पगारपत्रक

बेळगावचा माणूस ठेवण्याआधी: तो कर्नाटकात बसून काम करतो, तर व्यवसाय कर कर्नाटकाचा, आणि त्यासाठी तिथे मालक म्हणून नोंदणी घ्यावी लागते. गोव्यात व्यवसाय करच नाही. महाराष्ट्रात १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुषाला महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, तर स्त्रियांना २५,००० पर्यंत माफ. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना महाराष्ट्र लावून ठेवलं की चूक तपासणीतच कळते.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती लागते. २०१३ च्या कायद्यातल्या कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरही येतं. ऑफिस नाही म्हणून समिती नाही, असं चालत नाही.

गाळा नंबर सात

या सगळ्यानंतर माझं मत थोडं सरकलं आहे, पण पूर्ण नाही. शेअर्ड ऑफिसमध्ये चार सीट कायम घ्या, पत्ताही तिथलाच लावा. नवखे पहिले सहा महिने तिथे बसतील, ज्येष्ठांनी पाळीने आठवड्यातून दोन दिवस यावं. सीटला महिना ८,००० धरले तर वर्षाचे ३,८४,०००. तुमच्या साडेचार लाखांतले बरेचसे जातील, पण अधिकारी आला तर तिथे खरोखर फर्मची माणसं बसलेली दिसतील.

हिशेबनीस

नवखे दोनच असतील तर दोन सीट पुरतील, १,९२,०००. अठरा हजारांचा वेगळा पत्ता वाचेल आणि बैठकीच्या खोलीचे काही तासही बहुधा त्यात मिळतील. हे मला पटतं. चार सीटचा आग्रह पटत नाही.

करसल्लागार, कोथरूड

सीट घ्या किंवा पत्ता, नाव मोठं दिसावं म्हणून मुंबईचा पत्ता घेऊन कंपनी स्थापू नका. त्याच शहरात कार्यालय हलवायला संचालक मंडळाचा ठराव आणि ३० दिवसांत आयएनसी-२२ हा फॉर्म पुरतो. मुंबईहून पुण्याला मात्र रजिस्ट्रार बदलतो, त्यासाठी विशेष ठराव आणि प्रादेशिक संचालकांची मंजुरी लागते, अर्ज आयएनसी-२३. जीएसटीत राज्य तेच असल्याने आरईजी-१४ या अर्जाने १५ दिवसांत बदल कळवला की चालतं. ती दुरुस्ती मंजूर होईपर्यंत जुन्या जागेचा करार आणि पाटी सोडू नका.