मदत हवी आहे: ड्रुपल १० वर ‘ड्रश अप’ चालेना

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाची साइट ड्रुपल ७ (वेबसाइट चालवायची प्रणाली) वर होती. त्याचा अधिकृत सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला, म्हणून उशिरा का होईना, १० वर आणली. साइट छान उघडते. अडलंय ते माझ्या जुन्या स्क्रिप्टचं.

आधी सर्व्हरवर ड्रश ८ (ड्रुपल कमांड लिहून हाताळायचं साधन) होतं. दर रविवारी पहाटे क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) बॅकअप, मग ‘ड्रश अप’. मॉड्यूलं (साइटचे जोडभाग) उतरायची, डेटाबेसही अपडेट व्हायचा, मी झोपेत! आता ‘ड्रश’ लिहिलं की कमांडच सापडत नाही. शेवटी ते साइटच्याच व्हेंडर/बिन फोल्डरात मिळालं, आवृत्ती १२. पण त्याला ना ‘डीएल’ (मॉड्यूल डाउनलोड करायची कमांड) ठाऊक, ना ‘अप’. वर ‘ड्रश यूएलआय’ने दिलेल्या लॉगिन लिंकमध्ये आमच्या डोमेनच्या जागी नुसतं ‘डीफॉल्ट’. ती उघडणार कुठे, कपाळ?

जुनं ड्रश ८ परत टाकलं तर भागेल का?

प्रतिसाद १

नाही हो, त्याला ड्रुपल १० झेपत नाही. ‘डीएल’ आणि ‘अप’ २०१८ च्या ड्रश ९ मध्येच गेले. आता एका मॉड्यूलमागे ढीगभर लायब्रऱ्या येतात आणि त्यांचा मेळ कंपोझर (लायब्रऱ्या उतरवणारं साधन) घालतो. ड्रशने मध्येच फाइली बदलल्या तर लॉक फाइलीत (नेमक्या आवृत्त्यांची नोंद) एक आणि डिस्कवर भलतंच.

‘कंपोझर अपडेट’ स्वतःच्या मशीनवर करा, साइट तपासा, लॉक फाइल गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) टाका. सर्व्हरवर फक्त ‘कंपोझर इन्स्टॉल’, मग ‘ड्रश यूपीडीबी’ (डेटाबेस अपडेट), ‘ड्रश सीआर’ (कॅशे साफ). झोपेत अपडेट करायची सवय मात्र सोडा, जुन्या साइटवरही ती जोखीमच होती.

लिंकसाठी साइटच्या ड्रश फोल्डरातल्या ड्रश.वायएमएल मध्ये ‘ऑप्शन्स’खाली ‘यूआरआय’ (साइटचा पत्ता) लिहा.

धागाकर्ता

लिंक आली, आभार! यूपीडीबी आणि सीआरऐवजी नुसतं ‘ड्रश डिप्लॉय’ घातलं तर?

प्रतिसाद २

डिप्लॉय फाइलींतलं कॉन्फिगही (साइटच्या सेटिंग्ज) इम्पोर्ट करतं. कुणी थेट साइटवर काही बदललं असेल आणि ‘ड्रश सीईएक्स’ (सेटिंग्ज फाइलींत उतरवणं) केलं नसेल, तर ते पुसलं जाईल. आधी ‘ड्रश कॉन्फिग:स्टेटस’ने फरक बघा.

धागाकर्ता

बघितलं. ग्रंथपालबाईंनी नव्या पुस्तकांची यादी परस्पर १५ वरून ५० केलीय. थोडक्यात वाचलो.