कांजीची रोजची उजळणी : नव्या अक्षरांचा वेग किती ठेवावा? (मदत हवी आहे)

नमस्कार. गेले दोन महिने मी, वाढत्या अंतराने कार्डे पुन्हा दाखवून पाठांतर करवणाऱ्या आंकी या अॅपवर जपानी कांजीचा, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अर्थदर्शक अक्षरांचा, अभ्यास करते आहे आणि आता अशा जागी अडले आहे, की पुढे जाण्याआधी अनुभवी मंडळींचा सल्ला घ्यावा असे वाटते. हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन उच्चारदर्शक लिपी मला न अडखळता वाचता येतात, व्याकरणाचा अभ्यासही वेगळा चालू आहे. माझा प्रश्न फक्त कांजीच्या रोजच्या वेगाचा आहे.

सुरुवातीला मी एक सरळ हिशेब केला होता. जपान सरकारने २०१० मध्ये सुधारलेल्या जोयो (म्हणजे नेहमीच्या वापरातल्या कांजींच्या) यादीत २,१३६ कांजी आहेत. आंकीमध्ये रोजच्या नव्या कार्डांची मर्यादा मुळात २० असते, ती मी तशीच राहू दिली. भागाकार केला तर १०७ दिवस येतात, म्हणजे साडेतीन महिन्यांत यादी एकदा तरी हातून जायला हवी होती. पहिले काही दिवस पाऊण तासात सगळे आटोपत असे, त्यामुळे हिशेब बरोबर आहे असेच वाटत राहिले. पाचव्या आठवड्यात मात्र बैठक दीड तासाच्या पुढे गेली. माझ्याकडे रोज खात्रीने मिळणारा वेळ ४५ मिनिटांचा आहे, उरलेला मी झोपेतून काढत होते.

अडतीस दिवस एकही खाडा न करता ७६० कार्डे झाली. त्यानंतर आजारपणामुळे सलग नऊ दिवस अॅप उघडता आले नाही. परत आले तेव्हा उजळणीसाठी ४८६ कार्डे थकलेली होती. एका दिवसात जास्तीत जास्त २०० उजळण्या दाखवण्याची मर्यादा असल्यामुळे पहिल्या दिवशी मला पडद्यावर २०० हाच आकडा दिसला आणि संकट त्याहून मोठे आहे हे लक्षात यायला तीन दिवस गेले.

माझी पद्धत सांगते, कारण चूक तिच्यातही असू शकेल. कार्डाच्या पुढच्या बाजूला कांजी असते, मागे अर्थ आणि तिचा वापर असलेला एक शब्द. मी अर्थ आणि उच्चार मोठ्याने म्हणते, कार्ड उलटते आणि मग ते अक्षर वहीत एकदा लिहिते. आकडेवारीच्या पानावर एका उजळणीला सरासरी २२ सेकंद लागतात असे दिसते. बरोबर उत्तरांचे प्रमाण ७१ टक्के आहे. उत्तर आठवले नाही, पण उलटल्यावर ‘अरे, हे तर माहीत होते’ असे वाटले, तर मी ‘पुन्हा’ऐवजी ‘कठीण’ हे बटण दाबते.

सगळ्यात जास्त त्रास सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा होतो. वाट पाहणे या अर्थाची ‘मात्सु’ची कांजी आणि हातात धरणे किंवा बाळगणे या अर्थाची ‘मोत्सु’ची कांजी, दोन्हींच्या उजव्या अंगाला देऊळ या अर्थाच्या ‘तेरा’ या कांजीची आकृती आहे. फरक काय तो डाव्या अंगाचा. दोन्ही मला एकाच आठवड्यात भेटल्या. आता यांपैकी कोणतीही समोर आली की मी क्षणभर थांबते आणि बहुतेक वेळा दुसरीचाच अर्थ सांगते. वेळेची ‘तोकी’ आणि विशेष या अर्थाच्या ‘तोकुबेत्सु’ या शब्दातले पहिले अक्षर यांचेही उजवे अंग तेच असल्याने गोंधळात भरच पडते.

थकबाकी फिटेपर्यंत नवी कार्डे पूर्ण बंद ठेवावीत, की सवय टिकावी म्हणून दोन-चार चालू ठेवावीत, हे मला ठरवता येत नाही. पुन्हा सुरू करताना रोजचा आकडा कशावरून ठरवावा, हेही समजून घ्यायचे आहे. सगळे पुसून पहिल्यापासून सुरू करण्याचा विचार दोनदा मनात आला, पण इतक्या कष्टाने जमलेली आठवण फेकून देण्याचा धीर होत नाही.

प्रतिसाद

नमस्कार. पहिल्यापासून मुळीच सुरू करू नका. जी अक्षरे आपण विसरलो असे वाटते त्यांतली बरीचशी एक-दोन उजळण्यांतच परत जागी होतात, आणि हा फायदा सगळे पुसून टाकल्यावर मिळत नाही.

तुमचा भागाकार चुकलेला नाही, पण त्यात फक्त नव्या कांजी मोजल्या आहेत. आज घेतलेले प्रत्येक नवे कार्ड पुढच्या काही आठवड्यांत अनेकदा परत येते. रोज २० नवी कार्डे सातत्याने घेतली तर उजळण्या रोज साधारण २०० वर जाऊन स्थिरावतात, असा अंदाज आंकीच्या माहितीपुस्तिकेतच दिलेला आहे. म्हणजे ढोबळमानाने दहापट. तुमच्या २२ सेकंदांनी २०० उजळण्यांना ७३ मिनिटे लागतात; वर प्रत्येक नव्या कांजीच्या पहिल्या ओळखीला दीड मिनिट धरले तर आणखी अर्धा तास. पावणेदोन तासांचे काम ४५ मिनिटांत बसवण्याचा प्रयत्न चालू होता, त्यामुळे आजारपण आले नसते तरी गाडे अडलेच असते. तेव्हा आधी मिनिटे ठरवा आणि त्यांतून नव्या कार्डांचा आकडा काढा. आजच्या वेगाने रोज आठ कांजी घेतल्या तर ८० उजळण्यांची २९ मिनिटे आणि नव्यांची १२, असे ४१ मिनिटांत भागते. मी स्वतः मात्र आठ न घेता पाच घेईन, कारण धावपळीच्या दिवशीही उजळणी पूर्ण व्हायला हवी.

वेग कमी झाल्याचे वाईट वाटून घेऊ नका. जपानी प्राथमिक शाळेत सहा वर्षांत १,०२६ कांजी शिकवतात. त्यांतल्या पहिलीत फक्त ८० आणि दुसरीत १६० असतात, आणि ती मुले दिवसभर तीच भाषा ऐकत-बोलत असतात. तुम्ही पहिलीचा वर्षाचा अभ्यासक्रम चार दिवसांत उरकत होता.

थकबाकी फिटेपर्यंत नवी कार्डे शून्यावर ठेवा. सवय उजळणीनेही टिकते. उजळणीची मर्यादा वाढवा, म्हणजे खरा आकडा डोळ्यांसमोर राहील, पण बसायचे मात्र ठरलेली ४५ मिनिटेच. थकलेल्या कार्डांमध्ये, आठवण्याची शक्यता अजून जास्त असलेली कार्डे मी आधी घेतो. जी पुरती विसरली गेली आहेत ती आणखी चार दिवस थांबली तरी काही बिघडत नाही. जी निसटण्याच्या बेतात आहेत ती मात्र आज वाचवता येतात.

आता ‘कठीण’ या बटणाविषयी, कारण माझ्या मते तुमच्या ७१ टक्क्यांचे मूळ बऱ्याच अंशी इथेच आहे. ‘कठीण’ म्हणजे कष्टाने, पण बरोबर आठवले. अॅप ते उत्तर बरोबर धरते आणि उजळणीची तारीख ठरवण्याच्या मूळच्या पद्धतीत पुढचे अंतर साधारण १.२ पट करते. दहा दिवसांनी आलेले कार्ड तुम्ही विसरलात आणि ‘कठीण’ दाबले, तर ते उद्या येण्याऐवजी बारा दिवसांनी येते आणि तेव्हा अर्थातच आठवत नाही. २०२३ मध्ये आंकीत आलेली एफएसआरएस ही नवी पद्धत तर तुमच्या उत्तरांवरूनच तुमच्या स्मरणाचा अंदाज बांधते, त्यामुळे अशा उत्तरांनी तो अंदाजच बिघडतो. आठवले नाही तर ‘पुन्हा’ दाबा. पहिले काही दिवस उजळण्या वाढतील, त्याला घाबरू नका.

वहीत लिहिण्याची सवय चांगली आहे, पण तिची जागा बदला. उत्तर पाहून उतरवलेल्या अक्षराने स्मरणाची परीक्षा होत नाही, वेळ मात्र दुप्पट लागतो. फक्त नवी आणि चुकलेली कांजी लिहा, तीही न पाहता.

मात्सु आणि मोत्सु यांच्यासाठी केवळ उजळण्या वाढवून उपयोग होत नाही. दोन्हींपैकी एक कार्ड काही दिवस स्थगित करा, दुसरे पक्के होऊ द्या आणि मग पहिले परत आणा. त्याच वेळी नजर डाव्या अंगाकडे वळवा. मात्सुच्या डावीकडे रस्त्याने चालण्याशी जोडलेले ‘ग्योनिन्बेन’ आहे, मोत्सुच्या डावीकडे हाताचे ‘तेहेन’. जे धरायचे ते हातानेच धरायचे. तोकीला सूर्य आहे, तोकुबेत्सुच्या अक्षराला गाय. सुट्या अर्थापेक्षा शब्दही सोबत धरा : आमंत्रणाच्या ‘शोताई’त पहिली येते, मनातल्या भावनेच्या ‘किमोची’त दुसरी. एखादे कार्ड उजळणीत आठ वेळा चुकले की आंकी त्याला ‘लीच’ म्हणजे जळू अशी खूण करते. असे कार्ड पुन्हा पुन्हा रेटू नका. थांबून त्याची मांडणी बदला.

धागाकर्तीचा प्रतिसाद, साडेतीन आठवड्यांनंतर

आपले मनापासून आभार. नवी कार्डे शून्यावर ठेवली आणि ‘पुन्हा’ हे बटण प्रामाणिकपणे वापरले. पहिले चार दिवस आकडा खाली येतच नव्हता, कारण चुकलेली कार्डे दुसऱ्या दिवशी परत येत होती. त्यानंतर तो झपाट्याने उतरला आणि अकराव्या दिवशी थकबाकी फिटली. प्रत्येक कार्ड लिहिणे सोडल्यामुळे एका उजळणीला आता सरासरी १२ सेकंद लागतात. गेले दोन आठवडे रोज पाच नव्या कांजी घेते आहे, बरोबर उत्तरांचे प्रमाण ८६ टक्क्यांवर आले आहे आणि बैठक ४० मिनिटांत संपते.

मोत्सु आता पक्की झाली आहे. मात्सुचे कार्ड मी कालच परत आणले आणि आज सकाळी ते समोर आले तेव्हा डोळे आपोआप डाव्या अंगाकडे गेले. वेळ शिल्लक राहतो म्हणून आकडा लगेच आठवर न्यावा असा मोह होतो आहे, पण या पाचांच्या उजळण्या पुरत्या परत येऊन स्थिरावेपर्यंत, म्हणजे आणखी महिनाभर तरी, मी तो तसाच ठेवणार आहे.