रस्टमधील प्रगतीचा वेग: पाचपट सर्व्हर खेळाची गंमत घालवतात का?

गंधकवेचा:
‘रस्ट’ या जगून-तगून राहण्याच्या ऑनलाइन खेळात आपण एक दगड आणि एक मशाल घेऊन किनाऱ्यावर जागे होतो. तिथून भिंती पाडणाऱ्या रॉकेटपर्यंतची वाट किती लांब असावी, हे सर्व्हर ठरवतो. अधिकृत सर्व्हरवर साहित्य मूळ दराने मिळते, तर मॉडेड (नियम बदललेले) सर्व्हर ते दुप्पट, पाचपट, प्रसंगी दहापट देतात. माझ्या मते पाचपटीला पोहोचल्यावर या खेळातले जगणे संपते आणि निव्वळ गोळीबार उरतो. पहिल्याच तासात एके रायफल हाती येणार असेल, तर धनुष्य, क्रॉसबो, साधी पिस्तुले ही मधली शस्त्रे बनवण्याचे कष्ट कोणी घेत नाही. गमावलेली बंदूक थोड्याच वेळात पुन्हा मिळणार असल्यावर, अंधारात भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या पावलांचे भय तरी का वाटावे?

रात्रपाळी:
हे भय परवडण्यासाठी हाताशी मोकळा वेळ लागतो. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सक्तीचा वाइप होतो, म्हणजे सर्व्हरवरचे जग पुसून नव्याने सुरू होते, आणि आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र झालेली असते. शुक्रवारी कामावर जाणारा माणूस शनिवारी खेळायला बसतो, तोवर शेजारच्या टोळीकडे तिसऱ्या पातळीचे वर्कबेंच (सर्वांत प्रगत शस्त्रे बनवण्याचे टेबल) आलेले असते आणि तो धनुष्य घेऊन चिलखतधाऱ्यांसमोर उभा राहतो. त्यातच टूल कबर्डमध्ये, म्हणजे घर राखणाऱ्या कपाटात, देखभालीचे लाकूड आणि दगड भरत राहावे लागते, नाहीतर घर आपोआप झिजू लागते. पाचपट सर्व्हरवर मला हाच सगळा प्रवास एका संध्याकाळी करता येतो. ज्यांना दिवसभर खेळता येते त्यांनी संथपणाचे गोडवे जरूर गावेत, पण ती सर्वांच्या आनंदाची कसोटी मानू नये.

दगडी भिंत:
रात्रपाळी यांचा हिशेब एका ठिकाणी चुकतो, कारण वाढीव दर टोळीलाही तितकाच लागू होतो. एका रॉकेटसाठी सगळे घटक धरून १४०० गंधक लागते आणि दगडी भिंत पाडायला ४ रॉकेटे, म्हणजे ५६०० गंधक. पाचपट दराने एवढे गंधक गोळा करायला मूळच्या एक पंचमांश वेळ पुरतो. भिंतही स्वस्त होते हे खरे, पण तुमच्या झोपेचे ८ तास पाचपट आकसत नाहीत. त्या ८ तासांत जागणाऱ्यांच्या हातून मूळ दराच्या ४० तासांचे काम होते. त्यामुळे कमी वेळ असलेल्या खेळाडूला वेगवान सर्व्हर उभारणी जितकी सोपी करून देतो, त्याहून जास्त सोपे त्याचे उद्ध्वस्त होणे करतो.

अंडे उबवणारा:
आपण सगळेच वेग म्हणजे एकच गोष्ट धरून चाललो आहोत. ‘आर्क’ या डायनोसॉर पाळण्याच्या खेळात मूळ दराने गिगानोटोसॉरस या महाकाय डायनोसॉरचे पिल्लू मोठे व्हायला ११ दिवसांहून अधिक लागतात आणि इम्प्रिंटिंगसाठी (पिल्लाला आपला लळा लावण्यासाठी) साधारण दर ८ तासांनी त्याची हौस पुरवावी लागते. त्या संथपणात निर्णय घेण्यासारखे फारसे काही नसते, घड्याळाचा गजर तेवढा पाळायचा असतो (आणि गजर लावण्यासाठी खेळ विकत घ्यावा लागत नाही). रस्टमध्ये गंधकाच्या शोधात बाहेर पडणारा मात्र वाट कोणती धरायची, किती माल जवळ बाळगायचा, कधी मागे फिरायचे हे सतत ठरवत असतो. पहिला संथपणा कमी केला तर बिघडत नाही, दुसरा कमी केला तर खेळच पातळ होतो.

गंधकवेचा:
हा भेद मला मान्य आहे, आणि तो रस्टच्या आतही दिसतो. शिकलेले ब्लूप्रिंट (वस्तू बनवण्याचे आराखडे) मेल्यावरही टिकतात, अंगावरचा माल मात्र जातो. २०१६ मध्ये काही महिने अनुभवगुणांवर आधारित पातळ्या होत्या, त्या काढून सुट्या भागांची पद्धत आली, आणि २०२१ मध्ये टेक ट्री, म्हणजे ब्लूप्रिंटचा फांद्यांसारखा तक्ता, आल्यावर स्क्रॅप (भंगार, जे ब्लूप्रिंट शिकायला खर्चावे लागते) साठवून हवी ती वाट क्रमाने उघडता येऊ लागली. म्हणून माझे म्हणणे आता असे आहे: स्क्रॅप दुप्पट द्यावे, गंधक मूळ दरानेच ठेवावे. शनिवारी येणाऱ्याला शस्त्र लवकर बनवता येईल, आणि रात्रीत कोणाचे घर पाडणे स्वस्त होणार नाही.

रात्रपाळी:
असा सर्व्हर असेल तर मी जरूर येईन. मात्र टोळीच्या सदस्यसंख्येवर मर्यादा हवी, कारण एकट्याच्या दुप्पट स्क्रॅपला १० जणांचे दुप्पट स्क्रॅप सहज गिळून टाकते.