वजन सावकाश उचलावं की जोरात?

लोखंडप्रेमी
काल जिममध्ये शेजारी एक मुलगा १२.५ किलोच्या डंबेलने कर्ल (कोपरातून हात वाकवून वजन वर घ्यायचा व्यायाम) मारत होता. कोपरं पुढे, कंबर मागे, टाचा उचललेल्या. हिसका देऊन वर, आणि वरून सरळ सोडून द्यायचं. दंडाला काम जवळपास नाहीच, सगळा भार कमरेवर. मी त्याच्या हातात ७.५ किलोचं दिलं, पाठ भिंतीला टेकवायला लावली आणि वर जाताना दोन, खाली येताना चार आकडे मोजायला सांगितले. सहाव्या रेपला, म्हणजे सहाव्यांदा वर-खाली करताना, हात थरथरायला लागला.

वजन खाली येतानाही स्नायू राबत असतो. उलट तेव्हा तो उचलतानापेक्षा जास्त भार पेलू शकतो. ही निम्मी मेहनत पोरं रोज वाया घालवतात आणि मग वाढ होत नाही म्हणून वजन वाढवतात. माझं स्पष्ट मत: सगळ्यांनी सावकाशच उचलावं, वर जाताना आणि खाली येतानाही.

कृष्णाकाठ
असहमत. मी सांगलीचा, वेटलिफ्टिंग बघत मोठा झालो. स्नॅच, म्हणजे जमिनीवरचा बार एका दमात थेट डोक्यावर नेणं, सावकाश होतच नाही. बारला वेग मिळाला नाही तर तो डोक्यावर पोचतच नाही. मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात स्नॅचमध्ये ८७ आणि क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ११५, असे एकूण २०२ किलो उचलले. नुसत्या ताकदीवर हे जमत नाही, झपाटा लागतो. आणि त्या खेळात बार वरून सोडूनच देतात, रबरी प्लेट त्यासाठीच असतात. म्हणजे स्पर्धेच्या या दोन प्रकारांत खाली आणण्याची मेहनत जवळपास नसतेच, तरी हे खेळाडू एवढे ताकदवान असतात. तुम्ही जिममध्ये पाहिलात तो वेग नव्हे, हिसका आहे. हिसक्यात वजनावरचा ताबा सुटतो, वेगात सुटत नाही.

लोखंडप्रेमी
दादा, ते खेळाडू वर्षानुवर्षं प्रशिक्षकाच्या नजरेखाली घडतात. तरीही तुमच्याच सांगलीच्या संकेत सरगरचं २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये काय झालं? क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो उचलल्यावर पुढच्या प्रयत्नात कोपर दुखावलं आणि सुवर्ण एका किलोने हुकलं. ऑफिसातून थेट जिमला येणाऱ्या माणसाने हा धोका का पत्करावा?

कृष्णाकाठ
तो स्वतःच्या मर्यादेच्या टोकावरचं वजन उचलत होता, तेही राष्ट्रकुल स्पर्धेत. रोजच्या सरावाला तो दाखला लागू होत नाही. पोरगं कोपर दुखत असतानाही पुन्हा बारपाशी गेलं, ते आठवलं की आजही गलबलतं.

चाळिशीपार
सावकाशपणाचं टोक मी गाठून पाहिलंय. अमेरिकेत १९८० च्या दशकात केन हचिन्स यांनी सुपर स्लो पद्धत पुढे आणली, वर जायला दहा सेकंद आणि खाली यायला पाच. तीन महिने तसंच केलं. खांद्याची कुरकुर थांबली हे खरं. पण वजन जवळपास निम्म्यावर आणावं लागलं आणि पुलअप्स पाचवरून सहावर गेले नाहीत.

नंतर वाचनात आलं की २०१५ मध्ये बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला होता. एका रेपला अर्धा सेकंद लागो की आठ, सेट (सलग रेपांची एक फेरी) पूर्ण दमेपर्यंत केला तर स्नायूंची वाढ साधारण सारखीच दिसली. दहा सेकंदांच्या पुढे मात्र फायदा घटत असावा, असा सूर होता. तेव्हापासून घड्याळ बघणं सोडलं. आता रेप साच्यातून काढल्यासारखा सारखा येतोय का, एवढंच बघतो.

फिजिओताई
माझ्याकडे साठीपुढच्या बायका येतात, त्यांच्याबद्दल कोणीच बोललं नाही. वयाबरोबर ताकद घटते, पण झपाटा त्याहून आधी आणि जास्त घटतो. ठेच लागल्यावर पाय पटकन पुढे पडला नाही तर माणूस पडतो, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे सगळं घर हवालदिल. म्हणून मी त्यांना खुर्चीतून जोरात उठायला लावते आणि बसताना तीन आकडे मोजायला. एक आजी पहिल्या दिवशी धप्पकन बसायच्या. आता खुर्चीचा आवाजसुद्धा येत नाही.

लोखंडप्रेमी, सावकाश करणारे बरेचदा श्वास कोंडून धरतात, त्याने रक्तदाब चढतो. आकडे मोठ्याने मोजायला सांगा, श्वास आपोआप चालू राहतो.

लोखंडप्रेमी
ताई, मोठ्याने मोजायचं आजपासून सुरू करतो. वर जातानाचा "सावकाशच" मी मागे घेतो, फॉर्म, म्हणजे उचलण्याची ढब, पक्का असेल तर जोर लावावा. खाली येतानाचा मात्र सोडणार नाही.

कृष्णाकाठ
आणि डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार मांड्यांपर्यंत उचलणं? जड बार चार आकडे मोजत खाली आणला तर दुसऱ्या-तिसऱ्या रेपलाच कंबर थकते आणि पाठीला बाक येतो. तिथे मी बार मांड्यांना घासून पटकन उतरवतो, हात न सोडता. हे चूक म्हणाल?

लोखंडप्रेमी
पाठ सरळ असेल तर नाही म्हणणार. पण नवख्याला मी बार गुडघ्याखाली नेऊच देत नाही. आधी रिकाम्या बारने महिनाभर, तेही मोजत.