घानाची सहल: उत्तरेतून निघून किनाऱ्यावर संपवूया

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,
फेब्रुवारीतल्या घाना सहलीचा कंपनीने पाठवलेला आराखडा असा आहे: आक्रा, केप कोस्ट, कुमासी, मोले अभयारण्य आणि टमालेहून विमानाने परत. काही ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं आहे की गुलामांचे किल्ले (पकडलेल्या माणसांना जहाजावर चढवण्याआधी जिथे कोंडत) वगळावेत, सुट्टीत मन उदास कशाला करायचं, त्याऐवजी हत्तींसाठी एक दिवस वाढवावा. तिकडे राहून आलेल्यांनी रविवारपर्यंत आपलं मत कळवावं.

उत्तर: एक सभासद, लेस्टर

नमस्कार,
यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही आक्र्याजवळच्या टेमा शहरात राहिलो. हा सगळा रस्ता आम्ही गाडीने केलाय. माझं कळकळीचं सांगणं आहे, किल्ले वगळू नका. उलट आराखडाच फिरवा. आक्र्याहून उत्तरेतल्या टमालेपर्यंत आधीच विमानाने जा आणि तिथून बसने खाली समुद्राकडे या. उत्तरेच्या गवताळ मुलखात पकडलेल्या माणसांना याच दिशेने पायी चालवत नेत. सालागाला त्यांचा बाजार भरे. कुमासीच्या अशांती राज्याच्या वैभवात सोन्याबरोबर या व्यापाराचाही वाटा होता. थेट केप कोस्टला उतरलं तर किल्ला ही नुसती एक जुनी इमारत वाटते. उत्तरेतून आलात तर तिथवर पोचलेली माणसं कुठून आली ते तुम्ही वाटेत पाहिलेलं असतं.

हत्तींची काळजी नको. फेब्रुवारीत पाणी आटलेलं असतं, त्यामुळे मोलेत टेकाडावरच्या हॉटेलखालच्या पाणवठ्यावर ते स्वतःच येतात. बंदूकधारी रेंजरबरोबर पायी फिरता येतं. कॉब आणि वॉटरबक ही हरणासारखी जनावरं, रानडुकरं, बबून दिसतील. सिंहाची आशा मात्र धरू नका. जवळच लाराबांगाची मातीची मशीद आहे, भिंतींतून लाकडी वासे बाहेर आलेली. आत फक्त मुसलमानांना जाता येतं, पण बाहेरून बघण्यातही समाधान आहे.

वाटेत बोआबेंग-फिएमा कृपया घ्याच. ही दोन जुळी गावं माकडांना देवाची लेकरं मानतात. शिकारीला 1975 पासून कायद्याने बंदी आहे, पण खरी बंदी श्रद्धेची. आपल्या देवराईसारखंच. मेलेल्या माकडाला रीतसर पुरतात, त्यांची वेगळी दफनभूमी आहे. मोना माकडं अंगणात बिनधास्त फिरतात. काळे-पांढरे कोलोबस मात्र उंच झाडांवरच राहतात, त्यामुळे दुर्बीण हवी.

कुमासीत मान्हिया राजवाडा आहे. अशांती राजाचा अक्वासिदे दरबार दर 42 दिवसांनी भरतो, तारीख जुळते का ते कंपनीला आधी विचारा. जवळच्या बोनवायरला केंटे हे पारंपरिक कापड विणणारे बघा. जेमतेम चार बोटं रुंदीची पट्टी, मागाच्या दोऱ्या पायाच्या बोटांत धरून ओढायच्या, आणि मग अशा कितीतरी पट्ट्या शेजारी शेजारी शिवून एक वस्त्र होतं.

तिथून किनाऱ्याकडे जाताना आसिन मान्सोला थांबा. किल्ल्यात नेण्याआधी माणसांना शेवटची आंघोळ घालत ती नदी इथे आहे. 1998 साली जमैका आणि अमेरिकेतून गुलामगिरीत मेलेल्या दोघांचे अवशेष परत आणून इथे पुरले.

केप कोस्टचा किल्ला इंग्रजांचा. पुरुषांच्या अंधारकोठडीच्या बरोबर वर प्रार्थनाघर आहे. खाली उजेडासाठी भिंतीत वर एक झरोका, जमिनीत मैला वाहून जायला चर. ब्रिटनने हा व्यापार बंद केला 1807 मध्ये. आपली मुलं याच देशात शिकतात, त्यांनी ती खोली बघावी असं मला मनापासून वाटतं. जवळचा एल्मिना त्याहून जुना. पोर्तुगीजांनी तो सोन्याच्या व्यापारासाठी 1482 मध्ये बांधला, वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या 16 वर्षं आधी. 1637 मध्ये डचांनी तो घेतला. आपल्यातल्या गोवेकरांनी तर तो बघायलाच हवा.

उत्तर: एक ज्येष्ठ सभासद, बर्मिंगहॅम

ताई,
वगळा म्हणणाऱ्यांत मीही होतो. तुमचं वाचून विरोध मागे घेतो. पण गुडघ्यांचं काय? आणि आम्ही दोघं शाकाहारी.

उत्तर: एक सभासद, लेस्टर

काका,
केप कोस्टजवळच्या काकूम जंगलातला झुलता पूल तुम्ही सोडा. 350 मीटर लांब, काही ठिकाणी 40 मीटर उंच, आणि त्याआधी चढण. किल्ल्यांत पायऱ्या आहेत, पण सावकाश जमतं. कुमासी ते टमाले हा लांबचा पल्ला एका दिवसात करू नका, मध्ये किंताम्पोला मुक्काम मागा.

जेवणात रेड-रेड मागा: चवळीची उसळ आणि तळलेली पिकली केळी. वाचे म्हणजे चवळी-भात. फक्त दरवेळी "मासे नकोत, सुके मासेही नकोत" असं स्वयंपाक करणाऱ्यालाच सांगायचं. शितो नावाची काळी चटणी टाळा, तिच्यात सुके मासे असतात.

आणि सगळ्यांसाठी: पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी हवी, कार्डाशिवाय घानात प्रवेश नाही. साठीपुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोला, या वयात ही लस सगळ्यांना चालत नाही. मलेरियाच्या गोळ्याही लागतील. तिथून परस्पर मुंबईला जाणाऱ्यांनी कार्ड हाताशी ठेवा. ते नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात पाठवतात.

प्रेषक: सहल समिती

ताईंच्या मार्गाने नवा आराखडा कंपनीकडे मागितला आहे. बोआबेंग-फिएमा, आसिन मान्सो आणि किंताम्पोचा मुक्काम त्यात घालायला सांगितलंय. लस घेता येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलेल्या सभासदांनी पैसे भरण्याआधी समितीला कळवावं.