नात्याचं निमित्त

फ्रान्सचा राजा सातवा लुई आणि त्याची राणी एलेनॉर यांचा काडीमोड ‘आपण जवळचे नातलग’ म्हणून झाला; चर्चला असं लग्न चालत नसे. पण मार्च ११५२मध्ये सुटल्यावर दोन महिन्यांच्या आत तिने पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या ज्या हेन्रीशी लग्न केलं, तो तर लुईपेक्षाही जवळचा नातलग! तिच्या ते पथ्यावर पडलं, एवढंच.

तेच हत्यार लुईच्या मुलाने, दुसऱ्या फिलिपने, डेन्मार्कच्या इंगेबोर्गवर चालवलं. १४ ऑगस्ट ११९३ला आमियाँत लग्न, दुसऱ्या दिवशी राज्याभिषेक आणि लगेच नवरदेवाचं मन उडालं. मग मर्जीतल्या बिशपांनी वंशावळ जुळवली: ही म्हणे फिलिपच्या पहिल्या बायकोची नातलग, आणि असं नातंही चर्चच्या लेखी लग्नाच्या आड यायचं. पोरीला फ्रेंच येत नव्हतं. निकाल कळल्यावर ती मोडक्यातोडक्या लॅटिनमध्ये ओरडली, ‘माला फ्रांकिया! रोमा! रोमा!’ वाईट फ्रान्स, रोम! म्हणजे थेट पोपकडे अपील. १२००मध्ये पोपने फ्रान्सभर धर्मविधी बंद पाडले, तेव्हा फिलिपने तिला परत घेतल्याचं नाटक केलं आणि एतांपला कोंडून ठेवलं. राणीचा मान मिळाला थेट १२१३मध्ये. तेव्हा इंग्लंडवर स्वारीचे बेत शिजत होते आणि त्यासाठी डेन्मार्कची मैत्री हवीच असणार, हा काही मला योगायोग वाटत नाही.