बसस्थानकाला चिकटून पाच मजली पार्किंग: कुणाच्या सोयीला?

अनगोळकर: काल इथं एकानं लिहिलं, बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकाला चिकटून पाच मजली पार्किंग बांधलं की खडे बाजार, गणपत गल्ली मोकळी. डोकंच फिरलं. कार बाजाराच्या तोंडाशी आणून वर चढवायची आणि म्हणे कोंडी फुटणार! बसला जोडलेलं पार्किंग वेशीवर पाहिजे. खानापूरकडनं येणाऱ्यानं पिरनवाडीला गाडी लावावी, पुढं बस. मजल्यावर एका कारमागं रॅम्प-वळणं धरून ३० चौरस मीटरच्या आसपास जागा जाते. एवढा खर्च करायचा, खरं खाली रस्त्यावर फुकट लावता येतंय म्हटल्यावर वर जाणार कोण? बेंगळूरला फ्रीडम पार्कजवळ २०२४ मध्ये पाचशेवर कारचं पार्किंग सुरू झालं. सुरुवातीला आत शुकशुकाट, गाड्या बाहेर रस्त्यावर.

खडेबाजारवाला: दुकान तुमचं नाही म्हणून बोलताय. चंदगडचं अख्खं घर लग्नाचा बस्ता बांधायला येतंय. ते वेशीवर उतरून, गाठोडी घेऊन बसमध्ये लोंबकळणार होय?

अनगोळकर: दुकानासमोर सकाळपासनं गाडी कुणाची असते? गिऱ्हाइकाची की मालकाची?

खडेबाजारवाला: मालकाची. मग काय डोक्यावर घेऊन बसू?

वडगावची सून: बस, बस करताय, रात्री बस असते कुठं? परवा स्टेशनवर उतरले, दोन बॅगा, पोरगं झोपलेलं. वडगावला रिक्षावाला दोनशे म्हणाला. मीटरवर रेक्झिनचं कव्हर, त्यावर हार! पूजाच चालली असेल त्याची.

टिळकवाडी: मीटर? आमच्या बेळगावात? 😂

रिक्षावाल्याचा पोरगा: हसा. रात्री वडगावहून रिकामं परत यायचं पेट्रोल तुम्ही घालता काय? २०२३ पासनं शक्ती योजनेत बायकांना बस फुकट, दिवसाचं शेअरिंगचं गिऱ्हाईक तिकडं गेलं. आमचा बाप हप्ता कशातनं भरणार?

वडगावची सून: म्हणून रात्री आमच्याकडनं वसूल? फुकट बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, ते बघा आधी. मीटर टाका, दीडपट घ्या, कोण नाही म्हणतंय!

रिक्षावाल्याचा पोरगा: दीडपट दिल्यावर सुट्टे नाहीत म्हणणारी पण तुमचीच माणसं.

साइटवरचा: धागा पार्किंगचा आहे, रिक्षा स्टँडचा नव्हे. बांधायचंच असेल तर तळमजला दुचाकींना द्या, तोंड वेगळं ठेवा. आपल्याकडं गर्दी त्यांचीच जास्त. मजले सपाट ठेवा, म्हणजे उद्या ऑफिसं तरी काढता येतील. रॅम्पला दहा फुटाला एक फुटापेक्षा जास्त चढ देऊ नका, बेळगावच्या पावसात घसरगुंडी होईल. फलाटापर्यंत छताखालची वाट नसेल तर बसशी जोडलंय म्हणू नका.

अनगोळकर: ऑफिसांचं म्हणाल तर बेंगळूरच्या शांतिनगर बसस्थानकाच्या इमारतीत परिवहन खात्याचीच ऑफिसं आहेत. तुमचं दुचाकीचं मात्र पटलं. पाच मजल्यांचं नाही.

खडेबाजारवाला: चला, तळमजल्यापर्यंत तर आला. अजून चार राहिले.

टिळकवाडी: पण मीटर कधी सुरू होणार ते सांगा की कुणीतरी.

रिक्षावाल्याचा पोरगा: तुमच्या बिल्डिंगचं पार्किंग सुरू झालं की. तिथं दुकानं काढलीत न्हवं?